मूळ राज्य : ओशुन

मुशिन, लागोस
११ मे १९९९

इया शोला,

पालथा पडून नमस्कार. कागदावर खरं पालथं पडता येत नाही, पण माझं पोट आता जेवढं सुटलंय त्या मानानं तेही बरंच म्हणायचं.

'ओशुनलेके' या आडनावाचं 'जेसुलेके' करायला पंधरा वर्षांपूर्वी मला काय खर्च आला, ते आज सकाळी उगाच मांडत बसलो होतो. कोर्टात प्रतिज्ञापत्र करून देणाऱ्या कारकुनाला बारा नायरा, वर त्याला थंड बाटली. वर्तमानपत्रात चार ओळी : यापूर्वी अमुक नावानं ओळखला जाणारा मी यापुढे तमुक नावानं ओळखला जाईन, जुने सर्व कागद ग्राह्य, जनतेनं नोंद घ्यावी. त्याचे चाळीस. 'ओशुनलेके ब्रेड' छापलेली प्लास्टिकची वेष्टनं एकोणीस हजार शिल्लक होती, ती मागल्या अंगणात जाळली. दोन दिवस गल्लीत कोणाला अन्न गेलं नाही. मग व्हॅनवरची अक्षरं, दारावरची पाटी, मुलांचे शाळेचे दाखले. सगळं मिळून पीठ मळायच्या एका मिक्सरच्या किमतीत काम झालं. तेव्हा तुमच्या भावजयीला, फेलिशियाला मी म्हणालो होतो, स्वस्तात सुटलो. त्या यादीत बहीण धरलेली नव्हती. ती पुढे आठ वर्षांनी वजा झाली.

पाव तोच होता, हे तुम्हाला माहीत आहे. पण चर्चच्या बायका टोपली मागे सारायच्या, 'ओशुन नदीच्या बाईचा पाव आमच्या पोरांच्या तोंडात नको.' येशूचं नाव घातलं आणि तीन महिन्यांत दुसरी भट्टी बांधावी लागली. त्यावर तुमच्याकडची बस चालवणाऱ्या आपल्या लामिदी ड्रायव्हरच्या बायकोनं पाव सोडला, तो भाग निराळा. लामिदी म्हणाला, "बाबा इबिरोंके, पाव मऊ आहे हो. पण सकाळी सकाळी दुसऱ्यांच्या देवाचं नाव फाडून खायचं, ते तिला जमत नाही." त्याच्यासारख्यांसाठी मी कोरी वेष्टनं ठेवली. कोऱ्या वेष्टनातला पाव आज जास्त खपतो. धंदा असा शिकवतो.

पत्र लिहायचं कारण दुसरंच आहे. माझी पोर इबिरोंके तुमच्याकडे आली आहे का?

काळजीचं काही नाही. सासरी थोडी कुरबुर झाली. लग्नाला सात वर्षं झाली, अजून मूल नाही, तेव्हा सासू बोलते, तशा सगळ्याच बोलतात. चर्चमध्ये तिच्यासाठी खास प्रार्थना ठेवली होती. तिला जरा थकवा आला आणि ती कोणाला न सांगता निघून गेली. आज नववा दिवस. बरोबर फक्त हातातली पिशवी. इबादानच्या मामाकडे नाही, मैत्रिणींकडे नाही. मग उरतं ओशोग्बो, आणि तिथे तुम्ही.

हे पत्र लामिदी आणून देईल. लावाल मास्तरांना वाचून दाखवायला सांगा, त्यांना माझा सलाम. निरोप लामिदीजवळच द्या. फोनच्या दुकानातून मी पोस्ट ऑफिसच्या नंबरावर दोनदा तुम्हाला बोलावलं होतं. तुम्ही आलात, माझा 'हॅलो' ऐकलात आणि ठेवून दिलात. त्याचेही पैसे पडतात.

तुमचा धाकटा,
आदिगून


मुशिन
२४ मे १९९९

इया शोला,

पालथा पडून नमस्कार.

लामिदी काल आला. मी त्याला खुर्ची दिली, गरम पाव दिला, तो अर्धा खाऊन होईपर्यंत धीर धरला. हेसुद्धा मला सोपं नव्हतं.

"पोर आहे का तिथे?"

"ते सांगायला मला सांगितलेलं नाही."

"मग काय सांगायला सांगितलंय?"

"की तुमचं अक्षर सुधारलंय."

मी म्हटलं, लावाल मास्तरांचा पहिल्यापासून माझ्या अक्षरावर डोळा, वेताच्या छडीनं त्यांनीच ते वळवलं. लामिदी पाव चावायचा थांबला. "मास्तर? त्यांना जाऊन दोन रमजान झाले."

तुम्हाला अक्षर येत नाही. मास्तर मातीत. तुमचा मुलगा शोला कानोला असतो. आवारातल्या बाकीच्यांना मी ओळखतो, त्यांच्यातलं कोणी माझ्या अक्षराची जुन्या अक्षराशी तुलना करणार नाही. ती करायला माझ्या सहीची शाळेची प्रगतिपुस्तकं, माझ्या हातची शुभेच्छापत्रं पाहिलेली पाहिजेत. तेव्हा मला कळायचं ते कळलं. माझ्या कानांबद्दल तुम्हाला ठाऊक आहे. भट्टीतून निघालेल्या पावाच्या बुडाला टिचकी मारली की कच्चा का पक्का ते मी आवाजावरून सांगतो. वरच्या मजल्यावर जेवत असताना खाली मिक्सरचा पट्टा सैल झाला तर मला आधी कळतं, कामगारांना नंतर.

म्हणजे हे पत्रही तीच वाचते आहे. जरा मोठ्यानं वाच, इबिरोंके. आत्याला डाव्या कानानं कमी येतं.

तर मग सरळच लिहितो. देकुनले वाईट नवरा नाही. गेल्या रविवारी बेकरीत येऊन अर्धा तास बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. त्याच्या आईचं म्हणणं, सून महिनाअखेरपर्यंत परत आली तर झालं ते झालं, नाहीतर तिला पुढचं बघावं लागेल. पुढचं म्हणजे काय, ते दोघींना सांगायला नको.

आणि त्या प्रार्थनेचं म्हणाल, तर त्यात चर्चचा तसा दोष नाही. पास्टरांच्या कानावर कोणी तरी आपलं जुनं नाव घातलं. माणसं मत्सरी असतात, विशेषतः धंदा चालणाऱ्याच्या बाबतीत. पास्टर म्हणाले, या पोरीच्या घराण्याच्या नावात नदी होती, ती हिच्या गर्भाशयात बसली आहे, तिला काढलं पाहिजे. ते त्यांच्या परीनं काढत होते. थोडं कडक झालं असेल, मी नाही म्हणत नाही.

तिला बसमध्ये बसवून द्या. भाडं लामिदीला मी आधीच दिलंय. इथे मला अजून सगळे बाबा इबिरोंके म्हणूनच हाक मारतात. दिवसातून पन्नास वेळा. कोळसेवाला, यीस्टवाला, वीज तोडायला येणारा. तेवढ्या वेळा मी वळून बघतो.

आदिगून


मुशिन
१३ जून १९९९

इया शोला,

नमस्कार.

तुमचा निरोप लामिदीनं उभ्यानंच सांगितला. बसला नाही, त्यावरूनच मी ओळखलं. दोन गोष्टी. एक, बाबांच्या समाधीच्या दगडावर मी कोरून घेतलेलं 'पा जेसुलेके' काढायचं आणि त्यांचं नाव परत घालायचं. दोन, तोंडाचं काम. आवारात सगळ्या सुनांसमोर, ओशुनच्या वारी, उंबऱ्याशी पालथं पडून बाबांना त्यांच्या नावानं हाक मारायची आणि त्यांची ओरिकी, नावाची सगळी स्तुती, पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायची. नाव ज्यानं तोडलं त्यानंच ते स्वतःच्या तोंडानं जोडायचं, ही आपल्या घराची रीत. मग पोरीचं काय ते, मुलासाठी नदीवर न्यायचं की परत पाठवायचं, ते बघू. लामिदी एवढंही म्हणाला की हे सगळं तुम्ही कापडं निळीत बुचकळता बुचकळता सांगितलंत, त्याच्याकडे न बघता.

हे वाचताना इबिरोंकेचा आवाज अडखळला असेल, कारण दगडाचं तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. सांगतो. ब्याण्णव साली बाबा गेले तेव्हा चर्चचे लोक लागोसहून तीन बसगाड्या भरून येणार होते. कपडा सगळ्यांचा एकसारखा ठरला होता, जांभळा. भिंतीवर लावायची मृत्यूची पत्रकं छापायला टाकायची होती. मोठ्या फोटोखाली 'पा ओशुनलेके' असं लिहिलं असतं तर त्या तीन बसांमधून कोण उतरलं असतं? मी छापखान्यात उभा होतो. मजकूर मीच सांगितला. दगडवाल्यानं पत्रक बघून कोरलं. मेलेल्या माणसाला कोर्टात जावं लागत नाही, एवढंच.

तुम्ही तेव्हा माझ्याशी बोलणं टाकलंत. मी म्हटलं, टाकू दे, महिनाभर.

पण मला एक समजत नाही. या एका शब्दाचं ओझं माझ्याच डोक्यावर का? मी जन्मलो तेव्हा ओशुन ही नुसती नदी होती आणि आपण पश्चिम प्रांताचे होतो. मग पश्चिम राज्याचे झालो. मग ओयोचे. आठ वर्षांपूर्वी रेडिओवर कोणा लष्करी माणसानं यादी वाचली आणि उठल्या उठल्या आपण ओशुनचे झालो. इलेशाच्या ज्या माणसानं त्या नदीत कधी पायाचा अंगठा बुडवला नाही, तोही ओशुनचा. सरकारनं पाटी तीनदा बदलली, त्याच्याशी कोणी बोलणं टाकलं नाही.

आमच्याच चर्चनं गेल्या वर्षी तुमच्याकडे मेळावा भरवला. मी पाव फुकट पुरवला होता. मंडपावर वीस फुटी कापड होतं, 'ओशुन येशूसाठी'. पास्टर त्या शब्दाखाली उभे राहून तीन तास बोलले, त्यांना काही झालं नाही. तो शब्द राज्याला चालतो, गाडीच्या नंबरपाटीला चालतो, फुटबॉलच्या संघाला चालतो, राज्यपालाच्या बंगल्याला चालतो. माणसाच्या नावाला लागला की म्हणे पाण्यातली बाई अंगात आली. आणि मी, जो तो शब्द काढायला कोर्टात गेलो, मला कुठलाही फॉर्म भरताना 'मूळ राज्य' या रकान्यात तोच लिहावा लागतो. बँकेत, परवान्याला, पासपोर्टला. मी हे लामिदीला बोलून दाखवलं तर तो म्हणतो, "एवढं कशाला, बाबा इबिरोंके? ती नदी शेवटी तुमच्या लागोसच्याच खाडीत येते. तुम्ही तिथला मासा खाता ना?"

लावाल मास्तर सांगायचे, ओशुन म्हणजे उगम, पाझर. बाबांना मी एकदा विचारलं होतं. ते पितळ ओतत होते. म्हणाले, "अर्थ काय करायचाय तुला? माझ्या आईची सहा पोरं गेली. सातव्या वेळी ती नदीवर गेली आणि मी राहिलो. म्हणून ओशुनलेके, ओशुनची सरशी झाली. अर्थ नाही तो, पावती आहे." मला शब्द न् शब्द आठवतो.

असो. भांडायला हे पत्र नाही. दगडाचं काम सोपं आहे, पैशानं होतं. शनिवारी माणूस पाठवतो.

आणि तोंडाचं कामही अवघड नाही. बाबांची ओरिकी चाळीस ओळींची आहे. आई रोज सकाळी ती म्हणत म्हणत त्यांना पाणी द्यायची, मी शेजारच्या चटईवर असायचो. माझ्या कानात गेलेलं बाहेर येत नाही. मला रात्री झोपेतून उठवा, मी चाळीसच्या चाळीस ओळी म्हणून दाखवतो, एक शब्द मागे-पुढे होणार नाही. तुमच्या सुनांना म्हणावं, मोजायला बसा.

फक्त त्याआधी पोरीला पाठवा. मी नंतर येईन. माझ्या शब्दावर तुमचा विश्वास नसेल तर माझ्या कानांवर ठेवा.

आदिगून


मुशिन
४ जुलै १९९९

इया शोला, इबिरोंके,

माझं चोवीस मेचं पत्र लामिदीनं मला परत आणून दिलं. निरोप काही नाही. फक्त एका ठिकाणी पेन्सिलनं रेघ ओढलेली. 'पास्टरांच्या कानावर कोणी तरी आपलं जुनं नाव घातलं' यातल्या 'कोणी तरी'खाली. सरळ रेघ, पट्टी लावून. लहानपणी इबिरोंके अशाच रेघा मारायची.

मी ते पत्र पिठाच्या पोत्यांमागे बसून तीनदा वाचलं. फेलिशियाला दाखवलं नाही.

इबिरोंके, पुढचं वाचताना थांबू नकोस. थांबलीस तर आत्या म्हणेल, तूच काही गाळतेस.

कोणी तरी नाही. मी.

त्या प्रार्थनेआधी चर्चमध्ये एक फॉर्म देतात, चार पानी. देकुनलेच्या आईनं तो माझ्याकडे पाठवला, माहेरची बाजू माहेरच्यानं भरावी म्हणून. मी चष्मा लावून, चांगलं पेन घेऊन बसलो. मी जकातीचे कागद भरतो तसाच. नाव, गाव. मूळ राज्य : ओशुन. त्याखाली प्रश्न, घराण्याचं पूर्वीचं नाव काही वेगळं होतं का? होय. काय? आणि पुन्हा तोच शब्द, पुढे दोन अक्षरं. घराण्यात नदीची, झाडाची, डोंगराची पूजा होती का? होय. कोणाची? सहावा प्रश्न, सातवा प्रश्न. मी सगळं खरं लिहिलं. खोटं लिहिण्यात मी काही कमी नाही, पण त्या दिवशी वाटलं, डॉक्टरपुढे लपवून काय फायदा. पास्टरांनी माझ्यादेखत फॉर्म वाचला. वरच्या ओशुनवरून बोट पुढे गेलं. खालच्या ओशुनला त्यांनी लाल शाईनं गोल केला आणि मान हलवून म्हणाले, "ब्रदर जेसुलेके, सापडलं."

मला त्या वेळी बरं वाटलं. बिघाड सापडला की मला बरं वाटतं.

आता दुसरं.

प्रार्थनेचे ते तीन दिवस मी चर्चच्या ओसरीवर होतो. बाकड्यावर इतर मुलींचे वडील होते, कोणाचे नवरे. देकुनले मधून मधून यायचा, त्याची आई आतच होती. नदी आटवायची म्हणून पोरीला पाणी द्यायचं नाही असं ठरलं होतं, ते मला माहीत होतं. आत गाणं चाललेलं, टाळ्या, टेबलावर हात आपटणं. शंभर माणसांचा आवाज. बाकड्यावरचे लोक म्हणत होते, काय चाललंय काही कळत नाही.

मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या सगळ्या आवाजातून मला ती ऐकू आली. "बाबा, पाणी." ओरडली नाही, साध्या आवाजात म्हणाली, घरी स्वयंपाकघरातून हाक मारावी तशी. तिला माहीत होतं मी बाहेर आहे. आणि मला ऐकू येईल, हेही तिला माहीत होतं.

मी उठलो नाही. माझ्याजवळ थर्मास होता. शेजारच्यानं विचारलं, "काही ऐकू आलं का?" मी म्हटलं, "नाही."

संध्याकाळी तिनं पुन्हा एकदा हाक मारली. मग नाही मारली. तिसऱ्या दिवशी पहाटे राखणदाराचा डोळा लागला आणि ती गेली. आंघोळीच्या बादलीतलं पाणी प्यायली होती, म्हणे. अर्धी बादली.

इया शोला, आता तुम्ही विचाराल, आदिगून, तू का उठला नाहीस? उत्तर माझ्याजवळ आहे, पण ते असं आहे की लिहिताना मलाच लाज वाटते. बाकड्यावर चर्चच्या बांधकाम समितीचे अध्यक्ष बसले होते. त्यांच्या नव्या शाळेला रोज सहाशे पाव लागणार होते.

ते कंत्राट मला मिळालं, हेही लिहून ठेवतो.

देकुनले गेल्या आठवड्यात आला होता, टोपी न काढता. त्याच्या आईनं पुढचं बघितलंय. पोरगी आबेओकुताची आहे. तेव्हा पोरीला बसमध्ये बसवून द्या असं मी आता म्हणत नाही. कोणत्या दाराशी उतरवणार?

मी येतो. ओशुनचा वार दर पाचव्या दिवशी येतो, मी हिशेब केला, या महिन्यात अठरा तारखेलाही पडतो. ऑगस्टच्या उत्सवात सगळं जग तिथे कॅमेरे घेऊन येतं, त्या गर्दीत मला पालथं पडायचं नाही. अठराला येतो. दगडाचं काम झाल्याचं लामिदीनं सांगितलं. ओरिकी मी येऊन म्हणतो. आणि येताना पोरीला घेऊन येतो, सासरी नव्हे, माझ्या घरी. वरची खोली रंगवायला टाकली आहे.

आदिगून


मुशिन
२१ जुलै १९९९

इया शोला,

तुम्ही तिथेच होतात, मग मी तुम्हालाच का सांगतोय असं वाटेल. पण तुम्ही सारा वेळ माझ्याकडे पाठ करून रानभाजीचा पाला खुडत होतात. मी काय पाहिलं ते माझ्या बाजूनं कोणी तरी ऐकावं, म्हणून लिहितो. वाचणारीनं गाळू नये.

आपल्या ईसाले ओशुन वस्तीच्या उतरणीला मी लामिदीची गाडी थांबवली आणि चालत आलो. सात वर्षांत गल्ली अरुंद झाली, का मी रुंद झालो. दगड आधी पाहिला. कारागिरानं जुनी अक्षरं घासून त्यावर नवी कोरली आहेत, त्यामुळे तेवढा भाग खोलगट झालाय. पावसाचं पाणी साचतं तिथे. त्याला मी सांगितलं असतं तर बुडाशी भोक पाडून दिलं असतं, पण कोणी विचारलं नाही.

उंबऱ्याशी आलो तर आलेल्या परक्याला देतात तसं पहिल्यांदा पाणी आलं. इबिरोंकेनं आणलं. कोपरापर्यंत हात निळे. गुडघे टेकून, दोन्ही हातांनी भोपळ्याचं पात्र पुढे केलं, जमिनीकडे बघत. "प्या, बाबा." मी हातात घेतलं. सगळ्या सुना बघत होत्या. इया शोला, मी आयुष्यात पुष्कळ महाग गोष्टी गिळल्या आहेत. ते पात्र मी रिकामं केलं, कारण न पिता परत देणं हा अपमान, आणि तो करायचा हक्क माझा नव्हता.

मग पालथा पडलो. एकोणसाठ वर्षांचा माणूस, पांढरा झगा, लाल माती. कपाळ टेकवलं. बाबांना हाक मारली, "ओशुनलेके." पंधरा वर्षांत तो शब्द मी पुरा उच्चारला नव्हता, पण जिभेनं काही कुरकुर केली नाही. म्हाताऱ्या बायांमधली एक म्हणाली, "ऐकू आलं नाही." दुसरी म्हणाली, "पीठ बसलंय घशात." सगळ्या हसल्या. मी पुन्हा मोठ्यानं मारली. मग ओरिकी सुरू केली.

ओशुनलेके, पितळेला पाझर फोडणाऱ्या,
वितळत्या धातूपुढे पापणी न लववणाऱ्या,
ज्याच्या भट्टीला पाऊस वळसा घालून जातो त्या

आणि पुढे मिक्सरचा पट्टा फिरत होता. खरंच सांगतो, डोक्यात दुसरं काही नव्हतं. आई दिसत होती, चटई दिसत होती, तिच्या हातातलं पात्र दिसत होतं, तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

मी पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा त्याच जागी आलो. तिसऱ्यांदा चौथी ओळ म्हणून जे माझ्या तोंडून निघालं ते आमच्या पावाच्या गाडीवरच्या भोंग्यातल्या जाहिरातीचं होतं. एक लहान पोर हसलं, त्याला कोणी तरी चापट मारली. तुमच्या शेजारी बसलेली ती सगळ्यात धाकटी सून, दोन वर्षांपूर्वी इलेशाहून लग्न होऊन आलेली, पाला खुडता खुडता सवयीनं पुढची ओळ पुटपुटली. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, ती गप्प झाली. आपल्या घरात आलेल्या बायकांना ती पाठ करावीच लागते, हे मला माहीत होतं. ती आम्ही पुरुष पाठ करत नाही, आम्हाला ती नुसती ऐकू येते, हे माहीत नव्हतं.

किती वेळ पडून होतो, कळलं नाही. बायांनी चटया गुंडाळल्याचा आवाज आला. तुम्ही उठलात, आणि सात वर्षांनी तुमचा आवाज मी जवळून ऐकला. पण तो माझ्यासाठी नव्हता. तुम्ही लामिदीला विचारलंत, "गाडी किती वाजता सुटते?"

इबिरोंके गाडीपर्यंत आली. मी म्हटलं, "पिशवी भर. वरच्या खोलीला रंग दिलाय."

ती म्हणाली, "मी इथेच राहते, बाबा. आत्याच्या निळीच्या दोन हंड्या मी सांभाळते. पैसे मिळतात."

"आणि नदीचं काय झालं? मी नीट म्हटली नाही म्हणून आत्या तुला नेणार नाही का? मी पुन्हा येतो. पाठ करून येतो."

"नदीवर आम्ही मेमध्येच जाऊन आलो. मी आले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. मी माझं नाव सांगितलं, मागायचं ते मागितलं. त्याला तुमची गरज नव्हती."

"मग मला कशाला बोलावलं?"

"आत्याला ऐकायचं होतं." मग म्हणाली, "मलाही."

परतताना गाडी इबादानला पोचली. लामिदी म्हणाला, "बाबा इबिरोंके, एवढं मनावर घेऊ नका. मलाही माझ्या बापाची येत नाही." मी त्याला म्हटलं, तू बढाई मारली नव्हतीस.

शाळेचे सहाशे पाव कालपासून सुरू झाले. वरच्या खोलीत फेलिशियानं पिठाची पोती ठेवली आहेत, खाली ओल येते म्हणून.

चाळीस ओळींबद्दल मी काय लिहिलं होतं ते तुमच्याजवळ कागदावर आहे. मला तीन येतात.

आदिगून